शंभर रुपयांत गणवेश शिवून दाखवा

पोस्ट मोठी आहे. शिवणाची आहे म्हणून पुरुष मंडळींनी पुढं सरकवू नका. तुमच्याच लेकरांच्या अंगावरच्या कपड्याची गोष्ट आहे.

मी नांदेडला सिडकोत राहते. माहेर लातूर जिल्ह्यातलं, उदगीर तालुक्यातलं. बावीस वर्षं झाली मशीनवर बसून. एप्रिल म्हणजे लग्नसराई, घरात ब्लाउजचा ढीग पडलेला. तशात परवा एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या दोघी जणी आल्या. म्हणाल्या, "ताई, गणवेशाची खरेदी आता परत आपल्याकडं आली. बाजारात जायचंय. काय काय लागतं त्याची यादी करून द्या की."

मला आनंदच झाला. कापड आणायच्या आधी यादी करावी हे कुणाला तरी सुचलं. मी वही काढली आणि विचारलं, एका जोडाला पैसे किती?

"तीनशे."

त्यात काय काय?

"सगळं. कापड, शिलाई, बटणं, सगळं."

मी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं, म्हटलं होऊनच जाऊ द्या हिशोब. तो हिशोब खाली देते. माझ्या बाजारातले भाव आहेत, तुमच्या गावात रुपया-दोन रुपये इकडं तिकडं होतील. आपापले भाव टाकून बघा आणि मला खोटं पाडा.

आधी शिवण न येणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कापड आणायला जायच्या आधी तीन गोष्टी माहीत लागतात. पहिली, माप. दुसरी, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी. तोच शर्ट ३६ इंची पन्ह्यात दीड मीटर खातो आणि ५८ इंची पन्ह्यात एका मीटरमध्ये बसतो. मीटरचा भाव विचारून पन्हा न विचारणारा माणूस बाजारात हमखास फसतो. तिसरी, कापड आटतं किती. सुती जास्त आटतं, टेरीकॉट कमी. आम्ही ताक्यातनं वीतभर तुकडा आणतो, रात्रभर भिजवतो, वाळवून परत मोजतो. रंग जातो का तेही तिथंच कळतं. ह्या तीन गोष्टी न करता कापड आणलं तर ते कापड नाही, लॉटरी आहे.

आता यादी. पाचवीतला मुलगा, अंगापिंडानं मध्यम. आकाशी हाफ शर्ट, निळी फुल पॅन्ट.

शर्टाचं कापड, ३६ पन्हा, दीड मीटर, ८० रुपये मीटरनं १२० रुपये.
पॅन्टचं कापड, ५८ पन्हा, एक मीटर, १५० रुपये.
खिशाचं कापड आणि कॉलरचं बकरम, १५ रुपये.
चेन आणि हूक, ८ रुपये.
बटणं, ५ रुपये.
दोरा, ५ रुपये.

झाले ३०३. अजून मशीनला पाय लावला नाही.

पुढं इंटरलॉकचे १५ आणि काजं करून बटणं लावायचे १०. एकूण ३२८.

आता तुम्ही म्हणाल, शाळा काय एकच जोड घेणार आहे का? ताका घ्या, शेठ भाव कमी करतील. बरोबर आहे, करतील. पाचातला एक रुपया कमी केला असं धरा. २७० चं कापड २१६ ला आलं. चोपन्न रुपये वाचले. सगळं मिळून २७४ झाले. शिलाईला राहिले २६ रुपये.

सव्वीस रुपयांत शर्ट आणि पॅन्ट. माझ्या गल्लीत पॅन्टची नुसती चेन बदलायचे ह्यापेक्षा जास्त देतात लोक, आणि कुरकुर न करता देतात.

पहिलीच्या लेकराला कापड कमी लागतं, तिथं चार पैसे वाचतात, हे खरं आहे. पण ते वाचलेले आठवीच्या मुलीकडं जातात. तिचा सलवार-कमीज आणि ओढणी धरली तर साडेतीन-चार मीटर कापड. तिलाही तीनशेच. सरकारच्या कागदावर पहिलीचं लेकरू आणि आठवीची मुलगी एकाच मापाची आहे.

हे तीनशे आले कुठून? समग्र शिक्षा योजना २०१८ मध्ये आली तेव्हा दोन जोडांचे ४०० होते ते ६०० केले. २०२५ पर्यंत त्याला सात वर्षं झाली. सात वर्षांत दोऱ्याचा भाव वाढला, कापडाचा वाढला, विजेचं बिल वाढलं, आमदार-खासदारांचे पगार आणि भत्ते वाढले. लेकरांचे तीनशे तीनशेच राहिले. लेकरं मात्र वाढली की ओ, दर वर्षी दोन इंच.

आता २०२४-२५ चं बोलू. विसरलात का? मी नाही विसरले, कारण त्यात माझाही हात आहे.

२०२३ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी 'एक राज्य, एक गणवेश' आणायचं जाहीर केलं. पहिली ते आठवी, सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतली चाळीस लाखांवर लेकरं. २०२४-२५ ला त्याप्रमाणं सुरू झालं. कापड सगळ्या राज्याचं एकाच ठिकाणाहून घ्यायचं. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांकडून शिवून यायचा. दुसऱ्याचं, म्हणजे स्काउट-गाईडच्या गणवेशाचं, कापड शाळेत यायचं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं ते गावात शिवून घ्यायचं. त्याचा दर शिलाईला १०० रुपये आणि अनुषंगिक खर्चाला १० रुपये.

अनुषंगिक म्हणजे काय ते मला गुरुजींना विचारावं लागलं. म्हणाले, बटणं, चेन, दोरा वगैरे. वरची यादी परत बघा. नुसती चेन-हूक, बटणं आणि दोरा १८ रुपयांचे आहेत. म्हणजे शंभरातले आठ तिथंच गेले. इंटरलॉक आणि काज-बटणाचे पंचवीस धरा. राहिले ६७. त्यात माझी वीज, सुई, तेल, आणि माझी पाठ.

हात चांगला असला तर बाई दिवसाला तीन जोड काढते, कटिंग धरून. सदुसष्ट गुणिले तीन, दोनशे एक रुपये. रोजगार हमीची मजुरी १ एप्रिल २०२५ पासून ३१२ रुपये झाली. ३१२ सुद्धा फार नाहीत, उन्हात खड्डा खणणाऱ्याला विचारा. पण खड्डा खणायला ३१२ ठरले आणि सरकारच्याच कामावर शिवणारी बाई दोनशेत बसली. आणि ह्याला नाव काय दिलं तर महिला सक्षमीकरण.

मग तू काम घेतलंसच कामून, असं विचाराल. घेतलं. आमच्या गटातल्या चौघींच्या घरी पावसाळ्यात काम नव्हतं, म्हणून घेतलं. गुरुजी भले माणूस होते, त्यांचं शाळेवर चाललेलं बघवत नव्हतं, म्हणून घेतलं. गावाचं नाव घेत नाही, उगाच त्यांना त्रास नको.

कापड आलं पोळा झाल्यावर. १५ ऑगस्ट होऊन गेला होता. तुम्ही पेपरात वाचलंच असेल, त्या १५ ऑगस्टला राज्यातल्या कितीतरी शाळांत लेकरं जुन्या नाहीतर घरच्या कपड्यात झेंड्यापुढं उभी होती. जिथं गणवेश पोचले तिथं कुणाची पॅन्ट कमरेतून सुटायली, कुणाच्या शर्टाची बटणं लागेनात.

आमच्याकडं आलेलं कापड इयत्तेनुसार बांधलेलं होतं. सातवीचा गठ्ठा, आठवीचा गठ्ठा. एकाही लेकराला टेप लावलेली नव्हती. आम्ही शाळेत जाऊन मापं घेतली तेव्हा कळलं, सातवीत एक पोरगा माझ्या खांद्याला लागतो आणि एक माझ्या कमरेला. दोघांना कापड सारखं. कमरेएवढ्याचं उरलेलं कापड खांद्याएवढ्याला जोडून काही निघतं का ते आम्ही बघितलं, नाही निघालं. शेवटी मी ते केलं जे बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. शिवणीत माया ठेवली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. कपडा कापताना टिपेच्या बाहेर जे कापड राखतात त्याला आम्ही माया म्हणतो. लेकराच्या कपड्याला ती जास्त ठेवायची असते. दिवाळीनंतर पोरगं वाढलं की टीप उसवायची, थोडं ढिलं करायचं. पॅन्टच्या खाली दुमड मोठी ठेवायची, वर्षभरात दोनदा सोडता येते. माझ्या आईनं मशीनवर बसवल्यावर पहिली गोष्ट हीच शिकवली होती.

त्या उंच पोराचा शर्ट महिन्याभरात काखेत फाटला. त्याची आजी तो घेऊन शाळेत आली होती म्हणे. मला काही बोलली नाही, मी तिथं नव्हते. पण तो शर्ट मी शिवलेला आहे. सरकारचं नाव त्यावर नाही, शिवण माझी आहे. लोक शिवणीवरनं बाई ओळखतात. आणि त्या शिलाईचे पैसे मला होळीला मिळाले.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ती योजना गुंडाळली. २०२५-२६ पासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडं. सगळीकडं आनंदी आनंद. विरोधक म्हणाले, आम्ही जिंकलो. गुरुजी मंडळी म्हणाली, आता सगळं सुरळीत होईल. इथंच माझं भांडण आहे. कापड कुणी घ्यायचं एवढ्यावरच दोन वर्षं वाद घातला. किती पैशात, कुणाच्या मापानं आणि शिवणाऱ्या बाईला काय, हे तिन्ही प्रश्न होते तिथंच आहेत.

समितीचा काळ काय सोन्याचा होता का? आपल्यात बोलू. किती शाळांत मापं घेत होते? दुकानदार तयार गणवेशाचा गठ्ठा आणून टाकायचा, २४ नंबर, २६ नंबर, २८ नंबर. बिल तीनशेचं, माल कितीचा ते पहिल्या धुण्यात कळायचं. काज उसवलेलं, चेन दातात अडकलेली. आणि 'कुणाला किती मिळाले' ही कुजबूज प्रत्येक गावात होती. मुंबईवाल्यांनी खरेदी आपल्याकडं ओढली तेव्हा ह्याच कुजबुजीचा आधार घेतला. आपण दार उघडं ठेवलं, ते आत आले.

पण तीनशेत कोंबलेला गणवेश वाईटच निघणार, तो मुंबईतून येवो की मोंढ्यातून. पैसे कमी असले की मरण दोनच ठिकाणी येतं, कापडात नाहीतर शिलाईत. आणि शिलाई बाईची असते, म्हणून आधी तिथं कात्री लागते.

आता एक गोष्ट सांगते. दिल्लीपर्यंत आपलं नाव आहे ते कशानं? झेंड्यानं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा तिरंगा. त्याचं कापड माझ्या माहेराला, उदगीरला विणतात आणि झेंडा शिवून तयार होतो नांदेडला. नियमाच्या तिरंग्यासाठी देशात नावं घेतात ती हुबळीची आणि नांदेडची. त्या झेंड्याची नऊ मापं ठरलेली आहेत. सूत किती, वजन किती, टीप कशी, रंग कसा, सगळं तपासलं जातं. एक इंच इकडं तिकडं चालत नाही. चालूही नये.

म्हणजे आपल्याला माप कळत नाही असं नाही. शिवण कळत नाही असंही नाही. देशाला मापात झेंडा शिवून देणाऱ्या ह्या दोन जिल्ह्यांतली लेकरं त्या झेंड्यापुढं बेमापाच्या कपड्यात उभी राहिली. झेंड्याची मापं नऊ आहेत. वर्गात लेकरं चाळीस असली तर मापं चाळीस असतात. झेंडा वाढत नाही, लेकरू वाढतं. एवढी साधी गोष्ट मंत्रालयात कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तिथं यादी करणाऱ्यानं कधी लेकराला टेप लावलेली नसावी.

झेंड्याचंही पुढं काय झालं बघा. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टरचा आणि मशीनवर काढलेला झेंडा चालेल म्हणाले. पुढच्या ऑगस्टला घरोघरी तिरंगा झाला. घरोघरी झेंडा लागला, चांगलं झालं. पण तो उदगीरच्या मागावरचा नव्हता. घाईची, गठ्ठ्याची, स्वस्ताची खरेदी आली की हात आपले रिकामे राहतात. कापूस आपला, कापड भिलवाड्याचं. माझे सासरे नांदेडच्या मिलमध्ये होते. आता भोंगाही नाही आणि मिलही नाही. राहिली होती ती घराघरातली शिलाई मशीन. तिलाही दिवसाचे दोनशे.

नुसतं रडून उपयोग नाही. त्या दोघींना मी शेवटी यादी करून दिली. तीच सगळ्या समित्यांसाठी लिहिते. परीक्षा संपायच्या आहेत, लेकरं अजून शाळेत आहेत. जूनमध्ये शाळा भरेल. वेळ आहे.

एक. सुट्टी लागायच्या आत मापं घ्या. छाती, खांदा, बाही, उंची, कंबर, पॅन्टची लांबी. एका वर्गाला तास लागतो. गावात शिवण येणारी बाई नाही असं एकही गाव मी पाहिलेलं नाही. मापात दोन इंच वाढ धरा, जूनपर्यंत लेकरू थांबत नाही.

दोन. कापड एकट्यानं घेऊ नका. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून ताके घ्या. नांदेडवाल्यांनी वजिराबादेत तीन दुकानं फिरा, लातूरवाल्यांनी गंजगोलाईत कापड लाईन आहेच. त्याहून मोठी खरेदी असेल तर सोलापूर लातूरहून सव्वाशे किलोमीटरवर आहे, गणवेशाची पेठच आहे ती. पन्हा विचारा, तुकडा भिजवून बघा, मग पैसे द्या. एकत्र खरेदीतला फायदा सरकार म्हणतं तो खोटा नाही. पण कापड एकत्र घ्यायचं असतं, माप एकत्र नसतं.

तीन. शिलाई गावातच द्या, पण दर लिहून. कापडाचं बिल वेगळं, शिलाईचं वेगळं. दोन्ही शाळेच्या फळ्यावर लावा, शेजारी कापडाचा तुकडा टाचून. मग कुजबूज होत नाही.

चार. ठराव करा. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत. नुसत्या सह्या करायला नाहीत त्या. समितीनं ठराव लिहावा की तीनशेत गणवेश होत नाही, हा हिशोब आहे, इयत्तेप्रमाणं दर द्या, शिलाईचा दर निदान रोजगार हमीच्या मजुरीला धरून ठेवा आणि पैसे शाळा भरायच्या आधी पाठवा. एका गावाचा कागद फाईलीत मरतो. नांदेड आणि लातूरच्या निम्म्या शाळांनी एकच हिशोब पाठवला तर तो वाचावा लागतो.

कुणी म्हणेल, फुकट मिळतंय ना, मग नखरे कशाला? दादा, फुकट काही नाही. त्या उंच पोराचा बाप खताच्या पिशवीवर कर भरतो, आजी चहापत्तीवर भरते. आणि फुकट असलं तरी फाटकं का द्यायचं? तुमच्या मुलाला इंग्रजी शाळेचा गणवेश घेताना तुम्ही त्याला घालून बघता, बाही ओढून बघता, खाली वाकायला लावता. तेवढंच ह्या लेकरांसाठी मागायलो आम्ही.

त्या दोघी जाताना मला म्हणाल्या, "ताई, मग यंदा तुम्ही शिवणार का?" मी म्हटलं, मापं घेऊन या, मग बोलू. शंभरात शिवणार नाही. सव्वीसात तर नाहीच. गटातल्या चौघींशी बोलले आहे, त्याही नाही म्हणाल्यात. काम नको झालंय असं नाही. मे महिन्यानंतर आमच्या घरी काय परिस्थिती असते ते आम्हाला माहीत. पण बिनामायेचा शर्ट परत शिवायचा नाही असं ठरवलंय.

ज्यांना हा दर बरोबर वाटतो त्यांनी खुशाल यावं. मशीन माझी, दोरा माझा, चहाही पाजते. शंभर रुपयांत एक जोड शिवून दाखवा, काखेत माया ठेवून.

तुमच्या गावातले कापडाचे आणि शिलाईचे भाव खाली लिहा. शाळेचं नाव नका लिहू, भाव लिहा. पटलं तर समितीतल्या ओळखीच्या माणसाला पाठवा, लेकरांना सुट्टी लागायच्या आत.